आधी बरे व्हा, मग हक्क मागा

अपंगांच्या हक्कांचा २०१६चा कायदा आपल्याकडे फार कौतुकाने सांगितला जातो. अपंगत्वाचे सात प्रकार होते ते एकवीस केले, सरकारी नोकरीतलं आरक्षण तीन टक्क्यांवरून चार टक्के केलं, वगैरे. मी पवनारची आहे. त्यामुळे त्या एकवीसच्या यादीत माझी नजर दर वेळी एकाच जागी अडकते. तिथे ‘कुष्ठरोगातून बरी झालेली व्यक्ती’ असं लिहिलंय.

बरी झालेली. म्हणजे ज्याच्या गोळ्या चालू आहेत, तो यात नाही. बरं, पुढची व्याख्या वाचली तर नुसतं बरं होऊनही भागत नाही. हातापायांची संवेदना गेलेली हवी, नाहीतर व्यंग दिसायला हवं. ज्याला वेळेत औषध मिळालं, अंगावर खूणही उरली नाही, पण गावात एकदा नाव ‘तसं’ घेतलं गेलं, त्याला यादीत जागाच नाही.

ही कल्पनेतली अडचण नाही. माझ्या ओळखीतल्या एक बाई शाळेत पोषण आहार शिजवायच्या. उपचार पूर्ण, बोटं शाबूत, डॉक्टरांचं पत्र हातात. तरी ‘पालक ऐकत नाहीत’ एवढ्या कारणावर काम गेलं. त्यांच्यासाठी मी एका वकिलांकडे गेले, तर त्यांचा पहिला प्रश्न होता, अपंगत्वाचा दाखला आहे का? आता धडधाकट बाईला दाखला देणार कोण?

पवनारहून वर्ध्याकडे जाताना नालवाडीजवळ दत्तपूर लागतं. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली तिथे कुष्ठरुग्णांसाठी काम उभं केलं. तिकडे सेवाग्रामला गांधीजी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हाताने करत. ते फोटो तुम्ही पाहिले असतील. सेवेच्या बाबतीत आमचा जिल्हा श्रीमंत आहे, यात वाद नाही. पण सेवा करणाऱ्याची इच्छा संपली की सेवा संपते, आणि तेव्हा माणसाला कोर्टाची पायरी चढावी लागते. तिथे काय झालं ते बघा.

ओडिशात निवडून आलेल्या एका लोकप्रतिनिधीचं पद कुष्ठरोगाच्या कारणावरून गेलं. तिथल्या नगरपालिका कायद्यात कुष्ठरोग आणि क्षयरोग असलेल्यांना अपात्र ठरवणारं कलम होतं. ‘धीरेंद्र पांडुआ विरुद्ध ओडिशा राज्य’ हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २००८ साली न्यायालयाने ते कलम वैध ठरवलं. बहुविध औषधोपचार तोवर कित्येक वर्षं रुळलेला होता. सहा किंवा बारा महिन्यांचा कोर्स, सरकारी दवाखान्यात फुकट, आणि गोळ्या सुरू झाल्यावर थोड्याच काळात संसर्गाची भीती संपते. हे न्यायालयाला माहीत नव्हतं असं नाही. उलट, वैद्यकातले बदल पाहता अशी तरतूद ठेवायची का, याचा कायदेमंडळाने गांभीर्याने विचार करावा असं निकालातच सुचवलंय. म्हणजे अन्याय दिसला, त्याची नोंदही घेतली, आणि त्या माणसाला घरी पाठवलं. आदल्याच वर्षी भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली होती.

‘न्यायाधीश काय करणार, कायदाच तसा होता’ असं म्हणणाऱ्यांना मला दोन निकाल दाखवायचे आहेत. पहिला आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचा, १९९७चा. एका सार्वजनिक कंपनीने हंगामी कामगाराला एचआयव्ही आहे म्हणून यादीतून काढलं होतं. न्यायालयाने विचारलं, माणूस काम करू शकतो का? त्याच्यामुळे इतरांना खरोखर मोठा धोका आहे का? नसेल तर नुसत्या निदानावरून काम काढून घेता येणार नाही. दुसरा निकाल अमेरिकेचा, १९८७चा. फ्लोरिडात क्षयरोग उलटला म्हणून एका शिक्षिकेची नोकरी गेली. तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आजार आणि त्याची लोकांना वाटणारी भीती अशी फाळणी करून मालकाला सुटता येणार नाही. धोका किती, किती काळ, किती गंभीर, हे त्या एका माणसापुरतं तपासा. क्षयरोगच, आणि आपल्या निकालाच्या एकवीस वर्षं आधी!

आता तुम्ही म्हणाल, अलीकडे न्यायालय बदललंय. बदललंय खरं. २०२१च्या विकाश कुमार खटल्यात लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने सांगितलं की चाळीस टक्क्यांचा दाखला नसला तरी सोयीचा हक्क जात नाही. २०२४ साली राजीव रतुरी खटल्यात सुगम्यतेच्या नियमांपैकी पंधरावा नियमच रद्द केला. त्याच वर्षी ओंकार गोंड या महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला वैद्यकीय प्रवेश मिळाला, कारण टक्का न बघता क्षमता बघा असं न्यायालयाने बजावलं.

हे निकाल मला मनापासून आवडतात, पण एक गोष्ट खुपते. गोंड निकालात सुधा चंद्रन, अरुणिमा सिन्हा अशी नावं येतात, नाचणारी, शिखर चढणारी. हक्क सिद्ध करायला शिखरं कशाला लागतात? पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या बाईंनी कुठलं एव्हरेस्ट चढायचं? न्यायालयाची सहानुभूती हुशार, जिद्दी अर्जदारापाशी चटकन पोचते. ज्याच्याबद्दल किळस आहे त्याच्यापाशी पोचायला तिला वेळ लागतो. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं ना, ते २०१९ साली संसदेने काढलं.

शिवाय २०१६च्या कायद्यात एक पळवाट आहेच. कलम ३(३) म्हणतं की भेदभाव करता येणार नाही, मात्र एखादा वैध हेतू साधण्याचा तो प्रमाणशीर मार्ग आहे असं दाखवलं तर गोष्ट वेगळी. मला धास्ती वाटते ती याची. ‘मुलांचं आरोग्य’ हा हेतू कोण अवैध म्हणेल? आणि त्याच्या आड पालकांची भीती सहज लपते.

विकाश कुमार निकालाने कलम २(ध)ची, म्हणजे अपंग व्यक्तीची रुंद व्याख्या उघडून ठेवली आहे. तिच्यात नुसतं शरीर नाही, समाजाने घातलेले अडथळेही मोजले जातात. गोळ्या चालू असलेल्या माणसालाही तिथून आत घेता येईल, आणि वर्ध्यातल्या एखाद्या वकिलाने तसा युक्तिवाद एकदा करावाच. आणि त्या बाईंसारख्या ज्यांच्या शरीरात काहीच उणं उरलेलं नाही, फक्त नावाला डाग आहे, त्यांच्यासाठी मुंबईचा १९९७चा प्रश्न पुरेसा आहे. तेव्हा दाखला बाईंकडे मागू नका, शाळेकडे मागा. धोका कोणी तपासला, कोणत्या डॉक्टरने, कोणत्या तारखेला?