तलावांच्या मुलखात सायकलने

नागपूरच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "तुम्ही सहलींबद्दल लिहिता, पण त्या सगळ्या मोटारवाल्यांच्या असतात. आमच्या घरी तीन मुले आणि दोन सायकली आहेत. सुट्टीत आम्ही कोठे जावे?" प्रश्न रोखठोक आहे. मोटारवाल्याचा आरोप तेवढा मला मान्य नाही, कारण आमच्या घरात चार चाकांची वस्तू म्हणजे शिवणयंत्राखालचा पाट. असो.

भगिनी, तुम्ही काश्मीरच्या तळ्यांचे फोटो पाहिले असतील. पण तुमच्या गावाहून दोन-अडीच तासांच्या रेल्वेप्रवासावर तलावांचा अख्खा मुलूख पसरलेला आहे. भंडारा आणि गोंदिया हे ते दोन जिल्हे. १ मे १९९९ पूर्वी हा एकच जिल्हा होता. शेजारचे चंद्रपूर व गडचिरोली धरले तर या पट्ट्यात जुन्या मालगुजारी काळातील सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. गावागणिक तलाव आणि तलावाखाली धानाच्या बांध्या. धानाला पाणी उभे राहावे लागते, म्हणून जमीन सपाट. सायकलवाल्याला याहून जास्त काय हवे? गिअर नसलेली, मागे कॅरिअर असलेली आपली साधी सायकलही येथे दिवसभर दम न लागता चालते.

मागच्या हिवाळ्यात मी आणि माझी पुतणी तेथे तीन दिवस फिरलो. ती नववीत आहे. तिची सायकल तिला मानव विकास कार्यक्रमातून, शाळेत जाण्यासाठी मिळालेली. माझी सायकल तिच्या वयाच्या दुप्पट.

गोंदियाला उतरून बल्लारशाकडे जाणारी पॅसेंजर धरावी आणि अर्जुनीला उतरावे. सायकली बरोबर न्यायच्या तर पार्सलच्या खिडकीवर आदल्या दिवशीच चौकशी करावी, ऐनवेळी हुज्जत घालून उपयोग होत नाही. आणि एक लक्षात ठेवा, अर्जुन्या दोन आहेत. अर्जुनी मोरगाव वेगळे आणि महामार्गावरचे सडक अर्जुनी वेगळे. आमच्या एका व्याह्यांनी बसने जाताना ही चूक केली आणि साक्षगंधाला पोहोचले ते पंगत उठल्यावर.

अर्जुनी मोरगावहून उत्तरेला नवेगावबांधचा रस्ता निघतो. मुले बरोबर असली तरी सकाळच्या पहरात हा पल्ला होतो. दोन्ही बाजूंना धान, मध्येच पळसाचे व सागाचे रान, एखादी बोडी, तीत डुंबणाऱ्या म्हशी. बोडी म्हणजे लहान तलाव. मग डोंगर जवळ येऊ लागतात आणि त्यांच्या मधोमध पाणी दिसते. सुमारे ११ चौरस किलोमीटरचा तो तलाव पाहून पुतणी म्हणाली, "काका, हे धरण कोणत्या सरकारने बांधलं?"

हा तलाव कोणत्याही सरकारने बांधलेला नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे सांगतात. कोहळी समाज तलाव बांधण्याच्या कलेत निष्णात. सभोवतीच्या सात डोंगरांना लोक सात बहिणी म्हणतात आणि त्या बहिणींनीच कोलू पाटलाला मदत केली अशी कथा आहे. कथा गोड आहे. पण डोंगर टोपली उचलत नाहीत. पाळीवर माती टाकली ती माणसांनी. पाटलाचे नाव राहिले. टोपले वाहणाऱ्या बाया कोण होत्या, त्यांना मजुरी काय मिळाली, हे कोणी लिहून ठेवले नाही.

हे मला सुचले त्याला कारण आहे. माझी आजी उन्हाळ्यात आमच्या गावच्या तलावाच्या पाळीवर माती टाकायला जात असे. तिने टाकलेल्या मातीने पाणी अडत असे, पण पाणी भरायला आमचा घाट निराळा, अगदी टोकाला, जेथे गुरे उतरत. आजी हे सांगे तेव्हा तिचा आवाज चढत नसे. ती फक्त आपली टाळू दाखवी, टोपल्याने केस विरळ झालेली. पुतणीला मी हे नवेगावच्या काठावर बसून सांगितले. घरी सांगितले असते तर ती "हो" म्हणून पुन्हा मोबाईलमध्ये गेली असती. तेथे पाळीची रुंदी डोळ्यांसमोर होती. तिने विचारले, "एवढी माती डोक्यावरून?" आणि मग बराच वेळ ती काही बोलली नाही.

सायकलने जाण्याचा मोठा फायदा हा की तलाव कसा काम करतो ते कळते. बसमधून नुसते पाणी चमकून जाते. सायकलवर दिसते की दोन टेकड्यांच्या मधली उताराची जागा पाहून मातीची पाळ घातली आहे. पाळीच्या पोटातल्या मोरीतून पाणी खालच्या बांध्यांत जाते. जास्तीचे पाणी सांडव्यावरून, त्याला इकडे सलंग म्हणतात, ओढ्याने वाहते ते खालच्या गावच्या तलावात. म्हणजे वरच्या गावाचे सांडलेले पाणी खालच्या गावाचे धान पिकवते. पावसाळ्यात मात्र हेच पाणी कोठे कोठे रस्त्यावरून वाहते. त्या दिवसांत मुलांना घेऊन जाऊ नये आणि वाहत्या पाण्यात सायकल घालण्याचे धाडस कोणीच करू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा योग्य काळ.

तलावांची आजची दशा चांगली नाही हेही सांगितले पाहिजे. १९५१ साली मालगुजारी संपली व तलाव सरकारकडे आले. मालगुजार गेले ते बरेच झाले, पण पाळीची दरसाल डागडुजी करणारे हात आणि त्यांचा ठरलेला रिवाजही त्याबरोबर मोडला. लोकांचे निस्ताराचे हक्क कागदावर राहिले, गाळ तलावात राहिला. कित्येक बोड्या बेशरमीच्या झुडपांनी भरल्या आहेत. सर्वांत जास्त झळ ढिवर कुटुंबांना बसते. मासे आणि शिंगाडे यांवरच त्यांचे घर चालते, आणि उथळ तलावात दोन्ही कमी.

त्या ढिवरांपैकीच एका बाईची गोष्ट. दुसऱ्या दिवशी आम्ही अर्जुनीहून गोठणगावकडे इटियाडोह धरण पाहायला निघालो. गाढवी नदीवरचे हे धरण १९७० च्या सुमारास पुरे झाले. एका गावाजवळ शेतकऱ्यांनी रस्त्यावरच तणस पसरली होती. मी पुढे होतो. मागे धडपडल्याचा आवाज आला. तणस चेनमध्ये गुंतून पुतणी पडली होती, गुडघा फुटून रक्त वाहत होते. ब्रेकचे रबरही झिजून लोखंडाला लोखंड लागत होते. ते निघण्यापूर्वी पाहणे माझे काम होते, मी ते पाहिले नव्हते. भावाला काय तोंड दाखवू, एवढेच मनात.

रस्त्याकडेला उकडलेले शिंगाडे विकत बसलेली एक बाई उठली. तिने स्वतःच्या गुंडातून गुडघ्यावर पाणी ओतले, मग तेच गुंड पोरीच्या तोंडाशी धरले. कोण, कोठले, काही विचारले नाही. विचारले ते एवढेच, "एवढ्या लांब पोरीले सायकलनं काहून आणलं जी?" मला उत्तर सुचले नाही. पोरगी म्हणाली, "मीच आली." आम्ही तिच्याकडून दोन शेर शिंगाडे घेतले. ती एका शेराचेच पैसे घेत होती, मी दोन्हीचे ठेवले.

धरण पाहिले. गोठणगावच्या बाजूला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, १९७२ सालापासूनची. तेथील विहार पाहण्यासारखा आहे. हिवाळ्यात घरे थोडी सुनी वाटतात, कारण पुष्कळ लोक गावोगावी स्वेटर विकायला गेलेले असतात. विहारातल्या एका म्हाताऱ्या भंतेंनी पुतणीच्या गुडघ्याकडे पाहून आत जाऊन मलम आणले. भाषेची अडचण आली नाही.

आणखी वाटा आहेत. साकोलीजवळ शिवनीबांधचा तलाव आहे, साकोलीच्या नातेवाइकांकडे मुक्काम करून एका दिवसात होतो. सारस पक्षी पाहायचे असतील तर गोंदिया तालुक्यात परसवाड्याकडे जावे. महाराष्ट्रात सारस आता बहुतांशी गोंदिया जिल्ह्यातच उरले आहेत. ते धानाच्या बांधीत घरटे करतात, तेव्हा काठावरूनच पाहावे.

दोन ठिकाणी मात्र ऐकून घ्या. पहिले, भंडारा-साकोली-देवरी हा राष्ट्रीय महामार्ग मुलांसाठी नाही. ट्रकांची रांग तुटत नाही. दुसरे, नवेगावचे रान १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान व २०१३ पासून व्याघ्रप्रकल्पात आहे. वनखात्याच्या फाटकाच्या आत सायकल नेऊ नये, बाहेरच्या रस्त्यानेही उजाडल्यावर निघावे आणि दिवस मावळायच्या आत गावात असावे. तेथील लोक हेच पाळतात.

सामान थोडेच. पाना, सोल्युशन, पॅच, हवेचा पंप, हळदीची पुडी, मुर्रा आणि फुटाणे. आलुबोंडा चौकाचौकात मिळतो. ओढणी आणि लुगड्याचा पदर कंबरेला खोचलेला हवा. निघण्याच्या आधी ब्रेकचे रबर बदलून घ्या, आमच्यासारखे मागाहून नको.

राहिला तुमचा तीन मुले, दोन सायकलींचा हिशेब. धाकट्याला कॅरिअरवर बसवा, खाली चौघडी केलेली गोधडी बांधा. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी लावून घ्या, म्हणजे पाय आऱ्यांत जाणार नाही. सायकलीच्या कोणत्याही दुकानात मिळते. दर पाच किलोमीटरला त्याला उतरवून थोडे चालायला लावा, नाहीतर पायाला मुंग्या येतात आणि तो रडतो. आणि थोरल्या दोघांत सायकलींची अदलाबदल कोणी कोठे करायची, हे घरूनच ठरवून निघा.