मॉरिशसची साखर कोणाच्या भावाने?

मॉरिशसविषयी मराठीत लिहिले जाते ते बहुधा तिथल्या मराठी माणसाने गणपती नि भजन कसे जपले याविषयी. अलीकडे आणखी एक पाठ ऐकू येतो : बाजारपेठ खुली केली आणि चिमुकला देश वर आला! आम्ही भाषा-साहित्य शिकवणारी माणसे, अर्थशास्त्र हा काही आमचा प्रांत नव्हे; पण हा पाठ वेदवाक्यासारखा सांगितला जाऊ लागल्यावर गप्प बसवत नाही.

१८३५ मध्ये तिथली गुलामगिरी संपली, तेव्हा सुमारे वीस लाख पौंडांची भरपाई मिळाली ती मळेवाल्यांना. गुलामांच्या जागी साडेचार लाखांच्या आसपास गिरमिटिये आणले गेले. मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी-साताऱ्याकडचे लोकही त्यांत होते. एक दिवसाचा खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची, अशी मळ्यांवरची रीत होती. भजनांच्या कौतुकात ही रीत कुठे येते?

१९६१ मध्ये जेम्स मीड यांनी वाढती लोकसंख्या आणि एकट्या उसाचा आधार पाहून या बेटाविषयी काळजीचे भाकीत केले. ते खोटे ठरले, आणि त्याचे श्रेय खुल्या बाजाराला दिले जाते. वस्तुस्थिती अशी, की १९७५ च्या लोमे करारानंतर युरोप दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर हमीभावाने घेत असे आणि तो भाव बहुतेक वर्षी जागतिक बाजाराहून चढा असे. (हमीभाव म्हटला की आपल्याकडे नाके मुरडणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.) सरकार साखरेच्या निर्यातीवर कर घेई. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. वृद्धांना निवृत्तिवेतन तर त्याआधीच सुरू होते. १९७० च्या कायद्याने निर्यातीचे कारखाने उभे राहिले खरे. पण तिथे कामगार कायदे सैल होते, शिलाईला बसल्या होत्या मुख्यतः बायका, आणि हाँगकाँगचे भांडवल आले ते कापडाच्या जागतिक कोटापद्धतीला वळसा घालण्यासाठी. यात खुले काय होते?

१ जानेवारी २००५ ला तो कोटा संपला. २००६ पासून युरोपने साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला. कपड्यांचे कारखाने बंद पडू लागले, हजारो बायकांचे काम गेले. बाजार खुला झाला तो या वर्षांत. आणि पाठ सांगणारे नेमके या वर्षांच्या अलीकडेच थांबतात.