"मालक कुठे आहेत?"

मैत्रिणींनो, पिकअपचं आरसी बुक माझ्या नावावर, हप्ते मी फेडते. तरी गॅरेजमध्ये प्रश्न एकच : "मालक कुठे आहेत?" या वेळी ऑइल मीच बदललं. कोमट इंजिन बंद करून खालचा नट सोडला, काळं ऑइल घमेल्यात काढलं. फिल्टर बदलला, नट आवळला, नवं ऑइल ओतलं, पट्टीवर पातळी पाहिली. यात पुरुषत्व कुठे लागलं?

शिलाई मशीनला तेल घालणारी बाई गृहकृत्यदक्ष. इंजिनात घातलं की आगाऊ! प्रश्न ताकदीचा नाहीच, पाना कुणाच्या हाती द्यायचा याचा आहे. कर्ज बाईच्या नावावर आणि माहिती पुरुषाच्या हाती, ही मालकी नव्हे. गटाच्या बैठकीत हिशेबाच्या वहीशेजारी पानेही ठेवू या. पुन्हा कुणी विचारलं, तर काळे हात दाखवून सांगा : मालक मीच!