गवताच्या मुरघासाला मक्याची रेसिपी नको



एक टन कुट्टीला 2 किलो गूळ, 1 किलो मीठ, 1 किलो युरिया, 1 लिटर ताक. मुरघासाची ही यादी सगळ्या ग्रुपवर फिरतेय. मक्यात मुळातच भरपूर साखर असते, म्हणून काही घातलं नाही तरी मुरघास साधतो आणि श्रेय मात्र यादीला मिळतं. तीच यादी नेपियरला लावली की खड्डा उघडल्यावर कुजकट वास, चिकट काळा चारा. मग आपण म्हणतो, "गवताचा मुरघास होतच नाही." आमचं मत स्पष्ट आहे: होतो, पण गवताचा हिशोब वेगळा.

को-4, फुले जयवंत यांसारख्या नेपियरमध्ये पाणी जास्त, साखर कमी. चारा टिकवणारं आम्ल जीवाणू साखरेपासूनच बनवतात. ताक किंवा विकतचं कल्चर म्हणजे जीवाणू. पण साखरच नसेल तर ते खाणार काय? टनाला 2 किलो गूळ म्हणजे फक्त 0.2 टक्के. गवताला किमान 2 टक्के हवा.

✅ *काय करावं*
▪️ कापलेलं गवत आधी सुकवा, ऊन चांगलं असेल तर एक दिवस. कुट्टी मुठीत घट्ट दाबा. रस गळला तर अजून ओली आहे. रस न गळता गोळा हळूहळू सुटला तर भरा.
▪️ टनाला 20 किलो गूळ तेवढ्याच गरम पाण्यात विरघळवून थराथरावर शिंपडा. जास्त पाणी नको. गुळाऐवजी मोलॅसिस 20 ते 30 किलो चालेल. खताची मळी, म्हणजे प्रेसमड, वेगळी. ती घालू नका.
▪️ गवत नीट सुकलं नाही तर टनाला 50 किलो गव्हाचा कोंडा किंवा मका भरडा मिसळा. तो पाणी शोषतो. पण भर पावसात भरूच नका.
▪️ कुट्टी 1 ते 2 सें.मी., दाब भरपूर, हवाबंद किमान 45 दिवस.

❌ *काय टाळावं*
▪️ युरिया. त्याचा अमोनिया होतो आणि आंबटपणा चढू देत नाही.
▪️ मीठ. आंबवण्याला त्याचा उपयोग नाही. रोजच्या खुराकातून द्या.

💰 "एवढा गूळ परवडतो का?" गूळ 40 रुपये किलो धरला तर टनाला 800 रुपये, म्हणजे मुरघासाच्या किलोमागे 80 पैसे. खड्डा कुजला तर गवत, मजुरी, कागद सगळं गेलं, शिवाय उन्हाळ्यात चारा विकत. गूळ वाचवणं हीच महागडी काटकसर आहे.

आणि एक: गूळ हा दाबाला पर्याय नाही. हवा राहिली तर घातलेल्या साखरेवर बुरशीच पोसली जाईल. बुरशी आलेला चारा जनावरांना, विशेषतः गाभण गाईला, अजिबात देऊ नका.

आधी एकाच बॅगेत करून बघा. उघडल्यावर आंबट-गोड वास आणि पिवळसर हिरवा रंग आला की मोठा खड्डा भरा. निकाल चांगला येवो वा वाईट, फोटो ग्रुपवर टाका. दुसऱ्याचा चारा वाचेल.

🙏 आपली शेतकरी उत्पादक कंपनी