डोक्यावर घ्यावं असं हेल्मेट

स्वीडनमध्ये २००५ च्या सुरुवातीला पंधरा वर्षांखालच्या सायकलस्वारांना हेल्मेटसक्ती झाली. मोठी माणसं त्यातून सुटली, पण आज ना उद्या आपलीही पाळी येणार ही धास्ती होतीच. लुंड विद्यापीठात इंडस्ट्रियल डिझाइन शिकणाऱ्या आना हाउप्ट आणि तेरेसे अल्स्टिन यांनी ती धास्तीच पदव्युत्तर प्रकल्पाचा विषय म्हणून घेतली. हेल्मेट का घालत नाही, याची लोकांकडची कारणं जगभर सारखीच असतात: केस बसतात, ध्यान दिसतं, उतरल्यावर ते मिरवायचं कुठे. दोघींनी यावर कुणाला उपदेश केला नाही. ही कारणं त्यांनी गिऱ्हाइकाची रास्त मागणी म्हणून मान्य केली आणि डोक्यावर दिसणारच नाही असं हेल्मेट बनवायला घेतलं.

ते 'होव्डिंग' या नावानं २०११ मध्ये माल्मो शहरातून बाजारात आलं. गळ्याभोवती घालायची एक जाडसर कॉलर, तिच्यावर हवी ती कापडी खोळ. आत घडी करून ठेवलेली एअरबॅग आणि सायकलस्वाराची हालचाल सेकंदाला दोनशे वेळा टिपणारे सेन्सर. माणूस पडतोय असं त्यांना कळलं की हेलियमनं ती पिशवी सेकंदाच्या दहाव्या भागात फुगायची आणि डोकं, मान सगळं झाकून टाकायची. एकदा फुगली की नवी घ्यायची, आणि किंमत साध्या हेल्मेटच्या कितीतरी पट. तरी लोक घेत होते, कारण केसाला धक्का लागत नव्हता. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये चाचण्या घेतल्या, तेव्हा डोक्याला बसणारा धक्का नेहमीच्या हेल्मेटपेक्षा पाच-सहा पटींनी कमी भरला. अट एकच, पिशवी आधीच पूर्ण दाबानं फुगलेली हवी.

घोडं तिथंच पेंड खाऊ लागलं. अपघातात पिशवी वेळेवर फुगेलच याची खात्री नाही, असा आक्षेप स्वीडनच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेनं घेतला. २०२३ च्या अखेरीस 'होव्डिंग ३' या मॉडेलच्या विक्रीवर बंदी आली आणि कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली.

या शेवटावरून 'नटव्यांची हीच गत' असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, आणि चुकीचंही. होव्डिंग अडलं ते भरवशाच्या प्रश्नावर. गिऱ्हाइकाला आरशात काय दिसतं याची दखल घेणं हा काही त्याचा गुन्हा नव्हता. हेल्मेट वाईट दिसतं म्हणणाऱ्याला आपल्याकडे लगेच विचारलं जातं, "जीव मोठा की केस?" हा प्रश्न विचारणाऱ्याला बरं वाटतं, एवढाच त्याचा उपयोग. हेल्मेट खुंटीवरच राहतं. आणि खुंटीवरचं हेल्मेट, ते कितीही मानांकित असो, कुणाचं डोकं वाचवत नाही. दिसणं हा सायकलस्वाराच्या स्वभावातला दोष नसून वस्तूच्या रचनेतला प्रश्न आहे, असं धरून चाललं तरच काही हाती लागतं.

हेल्मेटचा उपयोग किती, याबद्दल आकडे आहेत. जखमी झालेल्या ६४ हजारांवर सायकलस्वारांची माहिती असलेल्या चाळीस अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. हेल्मेट असलेल्यांमध्ये डोक्याची दुखापत निम्म्यानं आणि गंभीर दुखापत ६९ टक्क्यांनी कमी आढळली. इतकी उपयोगी वस्तू लोक घालत नाहीत, तर घालायला लावणारी रचना शोधण्यात कसली आलीये चैन?

आता त्या रचनेची अडचण. डोकं दीड मीटर उंचीवरून खाली आलं तर जमिनीवर आदळताना त्याचा वेग ताशी साधारण साडेएकोणीस किलोमीटर असतो. युरोपच्या ईएन १०७८ या मानकात सपाट पृष्ठभागावरची चाचणी याच वेगानं होते, आणि हेल्मेटच्या आतल्या नकली डोक्याला बसणारा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या २५० पटींवर जाऊन चालत नाही. हा धक्का खातो तो कवचाखालचा थर्माकोल. तो स्वतः चिरडला जातो आणि डोक्याला थांबायला जागा देतो. ही जागा दोन-अडीच सेंटिमीटर तरी लागते. दोन्ही कानांवर तेवढी जाडी चढवली की डोकं चार-पाच सेंटिमीटरनं रुंद झालंच. शिंप्यानं कपडा आत घ्यावा तशी ही जाडी आत घेता येत नाही. सुबक हेल्मेट शोधणाऱ्यानं एवढं आधीच मान्य करून निघावं.

पण जाडी एवढाच दोष असता तर सगळी हेल्मेटं सारखीच वाईट दिसली असती. तशी ती दिसत नाहीत. १९७५ मध्ये अमेरिकेत 'बेल बायकर' आलं, ते सायकलसाठी खास थर्माकोल घालून बनवलेलं पहिलं गाजलेलं हेल्मेट. वर टणक कवच असल्यामुळे ते बोजड होतं. पुढे कॅलिफोर्नियाच्या जिम जेंटिस यांनी 'जिरो' कंपनी काढली आणि १९८६ च्या 'प्रोलाइट'मध्ये टणक कवचच काढून टाकलं. नुसता थर्माकोल, त्यावर लायक्राचं आवरण. वजन एकदम उतरलं आणि शर्यतीतल्या लोकांनी ते उचललं. तिथून सायकल हेल्मेटचं रूप शर्यतवाल्यांच्या हाती गेलं, ते बरीच वर्षं त्यांच्याच हाती राहिलं.

शर्यतवाल्यांची आवडही अजबच. १९८९ च्या तूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस अशी साडेचोवीस किलोमीटरची वेळेविरुद्धची दौड होती. फ्रान्सचा लोराँ फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता. तो उघड्या डोक्यानं, केसांची शेंडी वाऱ्यावर सोडून धावला. अमेरिकेच्या ग्रेग लेमॉंडच्या डोक्यावर मागे निमुळतं होत गेलेलं हेल्मेट होतं आणि सायकलला पुढे झुकायचे खास दांडे. लेमॉंडनं त्या दौडीत ५८ सेकंद काढले आणि तीन आठवड्यांची शर्यत ८ सेकंदांनी जिंकली. उघडं डोकं आणि शेंडी याच दोन गोष्टींनी फिन्यों हरला असं कुणी म्हणू नये, ते दांडे जास्त मोलाचे होते. पण त्यानंतर ते निमुळतं हेल्मेट कुणाला विचित्र वाटेना. सेकंद वाचणार असतील तर देखणेपणाची व्याख्या एका दुपारीत बदलते.

जीव वाचणार म्हणून मात्र ती इतक्या झटपट बदलली नाही. १९९१ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत हेल्मेटसक्तीविरुद्ध सायकलपटूंनी संप केला आणि नियम मागे घ्यायला लावला. १९९५ मध्ये तूर द फ्रान्सच्या घाटउतारावर इटलीचा फाबियो कासार्तेल्ली गेला, तरी सक्ती आली नाही. २००३ मध्ये त्याच पॅरिस-नीसमध्ये कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह डोक्याच्या मारानं गेला, तेव्हा कुठे आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं सक्तीचा नियम केला. त्यातही शेवटच्या लांब चढावर हेल्मेट काढायची मुभा काही काळ होतीच. हेल्मेटसक्ती म्हटलं की अंगावर येणाऱ्या पुणेकरांना सगळे हसतात. पुणेकरांनी निदान या परंपरेचा दाखला द्यायला हरकत नाही.

सक्तीनं काय होतं हे ऑस्ट्रेलियात दिसलं. व्हिक्टोरिया राज्यानं १९९० मध्ये सर्व वयाच्या सायकलस्वारांना हेल्मेट बंधनकारक केलं. हेल्मेटं वाढली आणि सायकली कमी झाल्या, सगळ्यांत जास्त घट किशोरवयीन मुलांत. ज्या वयात आरशासमोरचा वेळ सर्वाधिक, नेमक्या त्याच वयात. पुढे २०१० मध्ये मेलबर्ननं भाड्याच्या सायकली आणल्या, तेव्हा हेल्मेटअभावी त्या उभ्याच राहू लागल्या. मग पाच डॉलरांत हेल्मेट विकायची सोय झाली. २०१९ मध्ये योजना गुंडाळली गेली. ती बुडायला इतरही कारणं होती, पण स्वस्त हेल्मेट म्हणजे हवंसं हेल्मेट नव्हे, एवढं तर तिथे कळलंच.

हवंसं वाटावं म्हणून प्रयत्न झाले ते निराळ्या माणसांकडून. कोपनहेगनच्या 'याक्काय'नं हेल्मेटवर चढवायच्या टोप्या काढल्या. लांबून पाहणाऱ्याला नुसती हॅटच दिसते. लॉस एंजेलिसमध्ये ग्लोरिया ह्वांग यांच्या परिचयातल्या एका सायकलस्वाराचा अपघाती मृत्यू झाला. त्यातून त्यांनी 'थाउजंड' ही कंपनी काढली. जुन्या मोटरसायकल हेल्मेटांसारखा गोल घाट, लोहचुंबकाचं बक्कल आणि हेल्मेट सायकलबरोबर कुलपात अडकवता यावं म्हणून एका बाजूला लपवलेलं भोक. या भोकाचं कौतुक करावं तेवढं थोडं. 'उतरल्यावर मिरवायचं कुठे' ही लोकांची खरी तक्रार होती, आणि ती फार थोड्यांनी मनावर घेतली होती.

तरी या गोल, गुळगुळीत, शहरी घाटावर लगेच भाळू नये. व्हर्जिनिया टेक विद्यापीठानं २०१८ पासून सायकल हेल्मेटांना तारे द्यायला सुरुवात केली. पहिल्या तीस हेल्मेटांत एकंदरीनं भोकाभोकांची, शर्यतीच्या घाटाची हेल्मेटं पुढे होती आणि शहरी घाटाची मागे. किमतीचा आणि ताऱ्यांचाही मेळ नव्हता, मध्यम किमतीच्या हेल्मेटांनी महागड्यांना गाठलं होतं. तेव्हा क्रम साधा आहे: आधी तारे किंवा मानक पाहायचं, आणि त्यातून जे उतरतील त्यांतलं जे चेहऱ्याला शोभेल ते घ्यायचं. हा क्रम उलटा करू नये.

महाराष्ट्रात सायकल हेल्मेट घालतो कोण? पहाटे लायक्रा चढवून सिंहगडाच्या किंवा त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला लागणारा. दोनशे, तीनशे किलोमीटरच्या 'ब्रेव्हे' सायकल सफरींत हेल्मेटशिवाय उभंच करत नाहीत. नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्यानं केली. या मंडळींमुळे हेल्मेटला प्रतिष्ठा आली हे खरं, पण त्याच्यावर एक शिक्काही बसला. ते घातलं की माणूस 'सायकलिस्ट' दिसतो. पेपर टाकणारा मुलगा, कंपनीत पाळीला जाणारा कामगार, पंजाबी ड्रेसमध्ये कॉलेजला निघालेली मुलगी यांना कुठल्या शर्यतीत उतरायचं नसतं. निमुळतं, भडक पट्ट्यांचं हेल्मेट त्यांच्या कपड्यांशी आणि दिवसाशी जुळत नाही. मोटार वाहन कायद्यातली हेल्मेटसक्ती मोटारसायकल-स्कूटरसाठी आहे, सायकलीला लागत नाही. म्हणजे इथे कायदा ढकलायला येणार नाही. वस्तूनंच मन जिंकायला हवं.

घरात पडलेलं स्कूटरचं हेल्मेट चालवून घ्यावं हाही उपाय नव्हे. ते एक किलोच्या घरात जातं. सायकलचं हेल्मेट साधारण पाव किलो ते साडेतीनशे ग्रॅम, आणि ते भोकाभोकांचं असतं, कारण इथे इंजिन म्हणजे आपणच आणि एप्रिलच्या उन्हात घाम आपल्यालाच येतो.

दुकानात गेल्यावर पहिली फसगत मापाची होते. पुष्कळ परदेशी मॉडेलं लांबट डोक्यांसाठी घडवलेली असतात. गोल डोक्याला ती कानांवर दाबतात, मग विक्रेता मोठं माप देतो, आणि ते डोक्यावर पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्रीसारखं उभं राहतं. दोष डोक्याचा समजून गिऱ्हाईक घरी परततं. जिरो, लेझर या कंपन्या काही मॉडेलं 'एशियन फिट' म्हणजे गोलसर साच्यातही काढतात. ती मिळाली तर आधी चढवून पाहावीत. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं बसावं, मागची चकती फिरवून आवळल्यावर मान हलवली तरी सरकू नये. आतल्या बाजूला ईएन १०७८ किंवा अमेरिकेच्या सीपीएससीची चिठ्ठी नसेल तर ते कितीही गोंडस असलं तरी परत करावं. काळा मॅट रंग डोकं लहान दाखवतो आणि म्हणून खूप खपतो. संध्याकाळच्या गर्दीत तो दिसत नाही, हेही तितकंच खरं. पांढरा किंवा आंबा-पिवळा घ्यावा, सावळ्या रंगावर खुलतोही.

केसांचा प्रश्न मात्र चकती फिरवून सुटत नाही. कॅनडातल्या ओंटारिओत टीना सिंग यांच्या तीन मुलांच्या डोक्यावर शीख पद्धतीचा अंबाडा आणि पटका. बाजारातलं एकही हेल्मेट त्यावर बसेना, म्हणून त्यांनी वर फुगवटा असलेलं हेल्मेट स्वतः घडवलं आणि ते सुरक्षा चाचण्यांत उतरवलं. केस डोक्याप्रमाणे घडवायचे की हेल्मेट केसांप्रमाणे, याचं उत्तर त्यांनी कृतीनं दिलं.

आपल्याकडे हा प्रश्न रोज सकाळी शाळेच्या रस्त्यावर दिसतो. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, त्यामुळे कितीतरी मुली शाळेत टिकल्या. या मुलींच्या दोन वेण्या दुमडून, रिबिनी लावून कानांजवळ बांधलेल्या असतात, कारण शाळेचा तसा नियम असतो. हेल्मेटचा पट्टा कानाखाली जिथे फाटा फोडतो, नेमकी तिथे वेणीची गाठ येते. पाठीवर सोडलेली एक वेणी असेल तर मागच्या चकतीखालून ती सहज निघते. या योजनेत उद्या कुणी हेल्मेटाची भर घालायची म्हटलं, तर खरेदी ठरवणाऱ्यांच्या टेबलाशी सायकल चालवणाऱ्या चार मुली बसवाव्यात. रंगाचा आणि घाटाचा प्रश्न पहिल्याच बैठकीत सुटेल. दुमडलेल्या वेण्यांसाठी मात्र मुख्याध्यापकांकडेच जावं लागेल.