पंखा बदलण्याआधी फ्यूज बघा

खंबाटकी घाटात वाहतूक तुंबते आणि गाडीचा तापमानाचा काटा वर सरकतो. तीच गाडी मोकळ्या महामार्गावर गार असते. वेगात समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो. थांबल्यावर सारी भिस्त पंख्यावर.

तरीही तपासणीआधीच नव्या पंख्याचं बिल फाडायची घाई होते. आधी फ्यूज आणि रिले पाहावा, मग मोटरला थेट १२ व्होल्ट द्यावेत. पाती जोमात फिरली, तर दोष बहुधा दुसरीकडे.

पंखा काढणं अनेक गाड्यांत घरीही जमतं. इंजिन गार हवं, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी हवी. काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो.

बसवताना रेडिएटरच्या नाजूक जाळीसमोर पुठ्ठा धरावा. इंजिन तापल्यावर पंखा आपोआप फिरतो का, हे पाहूनच बॉनेट लावावं.