कर्णधाराची कसोटी

१२ जून २०२१. कोपनहेगन येथे युरो चषकाचा डेन्मार्क-फिनलंड सामना सुरू असताना ख्रिस्तियन एरिक्सन हा डॅनिश खेळाडू हृदयक्रिया थांबून मैदानावर कोसळला. कर्णधार सिमोन क्येर तत्काळ त्याच्यापाशी धावला. वैद्यकीय पथक उपचार करीत असताना सहकाऱ्यांनी त्याच्या नेतृत्वाखाली भोवती कडे केले. मैदानात आलेल्या एरिक्सनच्या जोडीदारास त्याने धीर दिला. विजेच्या झटक्याने हृदय पुन्हा चालू झाले. सामना त्याच रात्री पुढे खेळला गेला; परंतु मन सावरेना, तेव्हा क्येरने उत्तरार्धात मैदान सोडले.

संकटात कामे वाटून देणे आणि आपली मर्यादा मानणे, हे दोन्ही नेतृत्वच होय. कुटुंबालाही ते शिकता येते. कोणी बेशुद्ध पडून श्वास थांबला, तर एकाने १०८ क्रमांकावर कळवावे. दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी मिनिटास १०० ते १२० वेळा जोराने दाबावे. तिसऱ्याने गर्दी हटवून रुग्णवाहिकेस वाट दाखवावी. ही वाटणी आजच ठरवावी, छाती दाबण्याचे प्रशिक्षणही घ्यावे. आणि प्रसंग निभावल्यावर, ज्याने इतरांना सावरले त्याचीही आवर्जून विचारपूस करावी.